मुलांची एकदिवसीय गोल्फ स्पर्धा भरवायची आहे, सल्ला हवा

रानवाट:
क्लबच्या कमिटीने ज्युनियर मुलांची एकदिवसीय स्पर्धा माझ्याकडे सोपवली आहे. साधारण ४८ मुलं, वय ७ ते १७. कोर्स दिवसभर मिळणार आहे, पण अंधार पडायच्या आत बक्षीस समारंभही उरकायचा आहे. मोठ्यांच्या स्पर्धा भरवल्यात, मुलांची ही पहिलीच. गट कसे पाडावेत, सगळ्यांना एकदम सोडावं की पाळीपाळीने, आणि पालकांचं काय करावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

हिरवळ:
सगळ्यांनी १८ होल खेळायलाच हवेत, हा आग्रह आधी सोडा. दहा वर्षांखालच्यांना नऊ होल पुरे, तेही पुढच्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, पुढची म्हणजे होलला जवळची). वय कोणत्या तारखेला धरणार ते प्रवेश अर्जावरच छापा, म्हणजे सकाळी नोंदणीच्या टेबलावर वाद होणार नाहीत.

आता वेळेचं गणित. तिघांचा एक, असे सोळा गट होतील. एकाच टीवरून दहा-दहा मिनिटांनी सोडले तर पहिला आणि शेवटचा गट यांच्यात अडीच तासांचं अंतर पडतं. १ आणि १० अशा दोन टीवरून सोडलेत तर सव्वा तासाच्या आत सगळे मैदानात असतात. शॉटगन पद्धतीत सगळे गट वेगवेगळ्या होलवरून एकदम निघतात आणि साधारण एकदमच परततात, बक्षीस समारंभाला ते सोयीचं. पण सात वर्षांच्या मुलाला चौदाव्या टीपर्यंत पोचवायला माणसं लागतात. म्हणून मी दोन टीच निवडेन. मोठी मुलं आधी, बारकी त्यांच्या मागून १ नंबरवरून.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बारक्यांसाठी प्रत्येक होलला फटक्यांची कमाल मर्यादा ठेवा. २०१९च्या नियमांपासून 'कमाल स्कोअर' हा स्ट्रोक प्लेचाच (एकूण फटके मोजायच्या खेळाचाच) अधिकृत प्रकार आहे. मर्यादा पारच्या (त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांच्या) दुप्पट ठेवा किंवा सरळ दहा. तिथवर पोचलं की चेंडू उचलायचा आणि पुढच्या होलला निघायचं. बंकरमध्ये अडकलेलं पोर वाळू उडवत बारावा, तेरावा फटका मारतंय, डोळे भरून आलेत आणि मागे दोन गट ताटकळलेत, ही वेळ कुठल्याच मुलावर येऊ नये. १५ ते १७च्या गटाला मात्र साधा स्ट्रोक प्लेच हवा. त्यांना खऱ्या स्कोअरची किंमत कळायला हवी.

चौथा_होल:
हिरवळ यांच्याशी सहमत. त्यात एक भर. चेंडू हरवला किंवा हद्दीबाहेर गेला की मूळ जागी परत जाण्याऐवजी दोन दंडाचे फटके घेऊन फेअरवेजवळ (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याजवळ) चेंडू हाताने टाकण्याचा, म्हणजे ड्रॉप करण्याचा पर्याय स्थानिक नियमाने देता येतो. लहान गटांसाठी तो जरूर लागू करा, खूप वेळ वाचतो. आणि चेंडू शोधायला तीनच मिनिटं असतात, हे टीवर प्रत्येक गटाला तोंडी सांगा.

पालकांबद्दल: आठ वर्षांपर्यंतच्या मुलांबरोबर आई किंवा बाबा कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) म्हणून चालतील. त्यापुढच्या गटांत कॅडीला बंदी घाला, स्थानिक नियमाने ती घालता येते. पालकांनी रफच्या (उंच गवताच्या) कडेने लांबून चालावं, चेंडू शोधायला मदत करावी, पण 'सातचं आयर्न घे' असा स्टिक निवडायचा सल्ला देऊ नये. मुलाने कॅडी नसलेल्या माणसाला असा सल्ला विचारला तर दंड मुलालाच बसतो, दोन फटक्यांचा. हे पालकांना आदल्या दिवशीच लेखी कळवा.

रानवाट:
खूप मोलाची माहिती. स्कोअरकार्ड मुलांनीच लिहायचं का? बरोबरी झाली तर काय? आणि मध्येच वीज कडाडायला लागली तर?

हिरवळ:
मुलांनीच लिहायचं, कार्डं एकमेकांत बदलून. बारक्यांच्या प्रत्येक गटाबरोबर एक मोठा माणूस द्या. ती पोरं बोटांवर, 'टीवरून एक, गवतातून दोन, झाडाला लागला तो तीन' असं मोजतात. तेव्हा शांतपणे ऐकणारं कुणी शेजारी हवं. खेळ संपला की स्कोअरच्या टेबलाशी खेळाडू आणि मार्कर (त्याचं कार्ड लिहिणारा) दोघांना बसवा, होलनुसार आकडे मोठ्याने वाचून घ्या आणि मगच सह्या. कार्ड जमा झाल्यावर दुरुस्ती नाही. एखाद्या होलला खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहिला असेल तर खेळाडू सहसा बाद होतो, जास्त लिहिला असेल तर तोच कायम राहतो. बेरीज मात्र कमिटीची जबाबदारी. बेरीज चुकली म्हणून मुलाला शिक्षा नाही. या टेबलावर तुमचा सगळ्यात धीराचा माणूस बसवा.

बरोबरीसाठी काउंटबॅक, म्हणजे ठरावीक होलच्या फटक्यांची तुलना: शेवटचे नऊ होल, मग सहा, मग तीन, मग अठरावा. तुम्ही दोन टीवरून सोडणार, म्हणून सुरुवात कुठूनही झाली तरी १० ते १८ हेच 'शेवटचे नऊ' धरणार, असं स्पर्धेच्या अटींत लिहून ठेवा.

चौथा_होल:
विजेचं मी सांगतो. एक लांब भोंगा म्हणजे खेळ तत्काळ बंद, त्यानंतर एकही फटका मारायचा नाही. तीन छोटे भोंगे म्हणजे साधी स्थगिती, दोन छोटे म्हणजे पुन्हा सुरू. सकाळी सगळी मुलं जमली की भोंगा एकदा वाजवून दाखवा, पहिल्यांदा ऐकलेल्या आवाजाने बारकी मुलं गोंधळतात. कुठल्या होलवरून कुठल्या पक्क्या इमारतीत जायचं ते कार्डाच्या मागे छापा, झाडाखाली थांबायचं नाही हेही. आणि गाड्या घेऊन मुलांना आणायला कोण जाणार, त्यांची नावं आदल्या दिवशी ठरवून ठेवा.