सोसायटी ग्रुप: ऑफिसची हार्ड डिस्क डॉकमध्ये लावली, पण लॅपटॉपला दिसत नाही

खजिनदार (ब-२०४): नमस्कार मंडळी. व्होल्टेज वर-खाली झालं त्यात सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर गेला, हे सगळ्यांना माहीत आहेच. त्यातली हार्ड डिस्क काढून ड-१०२ च्या वहिनींकडून आणलेल्या डॉकिंग स्टेशनमध्ये (सुटी डिस्क खाचेत बसवून यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा स्टँड) लावली आहे. डॉकचा निळा दिवा लागतो, पण लॅपटॉपवर काहीच येत नाही. ऑडिटरांना टॅलीचा डेटा या आठवड्यात द्यायचा आहे आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते. कुणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा.

अ-७०३: काका, लॅपटॉप घरचा आहे की नोकरीच्या ठिकाणचा? आमच्या कंपनीच्या लॅपटॉपवर साधा पेनड्राइव्हही चालत नाही, त्यांनीच बंद करून ठेवलेलं असतं.

खजिनदार: घरचाच आहे ताई. पेनड्राइव्ह लावून पाहिला, लगेच आला.

अ-४०२: ड्रायव्हर टाकावा लागेल बहुतेक. नेटवरून डाउनलोड करा.

क-५०१: नका करू. अशा डॉकला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, विंडोजमध्ये तो असतोच. 'डॉक ड्रायव्हर' म्हणून शोधलं की भलत्याच साइटवरून भलतंच काहीतरी उतरतं. काका, डॉकवर हात ठेवून बघा. डिस्क फिरत असेल तर बारीक थरथर जाणवते.

खजिनदार: नाही जाणवत. बारीक टिक असा आवाज येतो आणि थांबतो. पुन्हा येतो, पुन्हा थांबतो.

क-५०१: मग आधी डॉक बंद करा. अडॅप्टरवरच्या छापील लेबलचा फोटो टाका. मागच्या वायरींचाही टाका.

सचिव (क-३०२): एक सांगायचं राहिलं. डॉकला दोन खाचा आहेत. दुसऱ्या खाचेत मी डीव्हीआरची, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याची, डिस्क लावली आहे. शनिवारी रात्री पार्किंगमध्ये अ विंगच्या गाडीला धक्का लागला, त्याचं फुटेज मेंबरांना हवं आहे. डीव्हीआरच्या मॉनिटरवर काही दिसत नाही म्हणून डिस्कच काढून आणली.

खजिनदार: 📷 फोटो
📷 फोटो

ड-१०२: काका, हे अडॅप्टर आमच्या डॉकचं नाही. आमचं जाड आहे, त्यावर १२ व्होल्ट ३ अँपिअर लिहिलंय. मी पिशवीत घालून दिलं होतं.

क-५०१: सापडलं. फोटोतल्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट ०.५ अँपिअर आहे, म्हणजे ते ऑफिसच्या वायफाय राउटरचं असणार. पिन सारखी असते, त्यामुळे डॉकला बसतं आणि दिवाही लागतो. पण साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि सुरू होताना काही क्षण दीड-दोन अँपिअर ओढते. इथे तर दोन डिस्क एकदम लावलेल्या आहेत. मोटर वेग घ्यायला जाते, अडॅप्टर कमी पडतं, पुन्हा प्रयत्न होतो. तो टिक आवाज बहुतेक त्याचाच आहे. असं फार वेळ चालू ठेवणं डिस्कला बरं नाही.

अ-४०२: पण माझी लॅपटॉपमधून काढलेली डिस्क नुसत्या यूएसबी वायरवर चालते की.

क-५०१: ती अडीच इंची. तिला फक्त ५ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळतात. म्हणूनच छोटी डिस्क दिसत असेल आणि मोठी दिसत नसेल तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्यायचा.

खजिनदार: ऑफिसात जाऊन पाहिलं. जाड अडॅप्टर राउटरला लागलेलं आहे. राउटर व्यवस्थित चालू आहे!

क-५०१: व्होल्ट सारखेच आहेत, आणि राउटर त्याला हवा तेवढाच करंट घेतो, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. आता अदलाबदल करा. डॉकमध्ये फक्त ऑफिसची डिस्क ठेवा. सचिव साहेब, डीव्हीआरची डिस्क बाहेर काढून मऊ कापडावर ठेवा, तिच्याबद्दल नंतर बोलू. आणि काका, डॉकची वायर सरळ लॅपटॉपला जोडा. फोटोत मधे हब दिसतोय, तो काढा.

ब-६०१ काका: डॉकवर 'क्लोन' असं बटण दिसतंय. कॉम्प्युटर लागतच नाही ना त्याला? दोन्ही डिस्क लावून ते दाबलं तर कॉपी होऊन जाईल.

क-५०१: काका, कृपया ते बटण कुणीही दाबू नका. 🙏 ते फाइली वेचून कॉपी करत नाही. एका खाचेतली अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवतं आणि दुसरीवर आधी जे असेल ते पुसलं जातं. आपल्याकडे एका डिस्कमध्ये सोसायटीचे हिशेब आणि दुसरीत फुटेज. कुठलीही पुसली तरी परत मिळणार नाही. शिवाय क्लोनच्या मोडमध्ये गेलेले बरेच डॉक बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय कॉम्प्युटरला दिसतच नाहीत.

ब-६०१ काका: बरं झालं विचारलं.

खजिनदार: अडॅप्टर बदललं. आता डिस्क छान फिरते आहे, हाताला कळतं. लॅपटॉपने टुंग आवाजही दिला. पण 'धिस पीसी'मध्ये अजून नाही.

क-५०१: आवाज आला म्हणजे डॉक आणि लॅपटॉपची ओळख पटली. निम्मं काम झालं. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, यादीत डिस्क मॅनेजमेंट आहे, ते उघडा. स्क्रीनवर इनिशियलाइज करू का किंवा फॉरमॅट करू का असं काहीही विचारलं तर कॅन्सल. खालच्या भागाचा फोटो टाका.

खजिनदार: 📷 फोटो
काही विचारलं नाही. डिस्क १ म्हणून ९३१ जीबी दाखवतंय.

अ-७०३: लेबलवर तर १ टीबी आहे ना?

क-५०१: बरोबर आहे ताई. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. १ टीबीची ९३१ जीबीच दिसते. हा आकडा बघणं महत्त्वाचं असतं, कारण काही जुने डॉक मोठ्या डिस्क नीट मोजूच शकत नाहीत. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसली तर समजायचं, डॉक जुना आहे, डिस्क ठीक असू शकते. आपला आकडा बरोबर आहे. काका, फोटोत दोन निळे भाग आहेत, दोन्हींवर 'हेल्दी' आहे, एनटीएफएस (विंडोजची नेहमीची मांडणी) आहे, पण पुढे ड्राइव्हचं अक्षर नाही. एवढंच राहिलंय. मोठ्या भागावर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग ॲड, आणि टी अक्षर द्या. याने डेटाला काही होत नाही.

खजिनदार: आलं!! टी ड्राइव्ह आली. टॅलीचं फोल्डर दिसतंय. 🙏🙏

अ-४०२: अरे वा! 👏

क-५०१: अजून आनंद नको काका, आधी कॉपी. टॅली तिथूनच उघडू नका. डेटा नावाचं फोल्डर असेल, त्यात १०००० सारखे नुसते आकडे असलेली फोल्डरं असतात, तीच कंपनीची माहिती. आधी तेवढंच लॅपटॉपवर घ्या. मग मेंबरांची यादी, सभांचे इतिवृत्त, पत्रव्यवहार. फोटो सगळ्यांत शेवटी. झटका खाल्लेली डिस्क आहे, किती वेळ साथ देईल सांगता येत नाही, म्हणून महत्त्वाचं आधी. डेस्कटॉपवरच्या फाइली उघडताना परवानगी नाही असं म्हणालं तर 'कंटिन्यू' करा, जुन्या कॉम्प्युटरच्या युजरमुळे तसं येतं. मोठ्या फाइली जाताना लॅपटॉप चार्जरवर राहू द्या आणि झोपू देऊ नका, नाहीतर डॉकही मधेच तुटतो.

सचिव: आता आमच्या डीव्हीआरच्या डिस्कचं सांग. ती मी सकाळी माझ्या कॉम्प्युटरला लावली तेव्हा इनिशियलाइज करायचं का असं विचारत होतं. मी तसंच बंद केलं.

क-५०१: अगदी बरोबर केलंत सचिव साहेब. ती डिस्क खराब असेलच असं नाही. बरेच डीव्हीआर विंडोजच्या पद्धतीने लिहीतच नाहीत, त्यांची स्वतःची मांडणी असते. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून तो डिस्क कोरी समजतो आणि तयार करू का विचारतो. हो म्हटलं की डिस्कच्या सुरुवातीला नवं लिहिलं जातं, आणि मग डीव्हीआरलाही फुटेज सापडणं कठीण. ती डिस्क कुठल्याही डॉकमध्ये लावून उपयोग नाही. डीव्हीआर बंद ठेवून परत त्यातच बसवा. मॉनिटर काळा आहे तर आधी एचडीएमआयची वायर आणि टीव्हीचं इनपुट बघा. मेनू दिसला की एक्स्पोर्ट किंवा बॅकअपमध्ये पार्किंगचा कॅमेरा, शनिवारची तारीख आणि वेळ निवडून पेनड्राइव्हवर घ्यायचं. डीव्हीआरने फॉरमॅट विचारलं तर तिथेही नाही म्हणा आणि मला फोन करा.

सचिव: घाई आहे का त्याची?

क-५०१: आहे. डिस्क भरली की डीव्हीआर सगळ्यांत जुन्या फुटेजवर नवं लिहीत जातो. आपले आठ कॅमेरे आहेत, त्यामुळे डिस्क लवकर भरते. ती परत बसवली की रेकॉर्डिंग सुरू होणार, म्हणून चालू केल्यावर पहिलं काम एक्स्पोर्टचं करा.

अ-१०४: गाडी आमचीच आहे. मी पेनड्राइव्ह घेऊन येतो, ३२ जीबीचा चालेल का?

क-५०१: चालेल. फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करून आणा, बऱ्याच डीव्हीआरना तोच पटकन कळतो. आधी त्यातलं तुमचं काही असेल ते काढून ठेवा.

खजिनदार: टॅलीचं फोल्डर लॅपटॉपवर आलं. उघडून पाहिलं, ३१ मार्चपर्यंतच्या सगळ्या नोंदी आहेत, मेंटेनन्सच्या पावत्याही आहेत. एक कॉपी पेनड्राइव्हवर केली. बाकीचं कॉपी होत आहे. ऑडिटरांना उद्या सकाळी पाठवतो. पोरा, तुझे खूप आभार.

ड-१०२: काका, डॉक हवा तितके दिवस ठेवा. फक्त अडॅप्टरवर नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, म्हणजे पुन्हा राउटरला जाणार नाही.

खजिनदार: आत्ताच चिकटवली वहिनी.

सचिव: मग सात वाजता ऑफिसात भेटू. अ-१०४, तुम्ही पेनड्राइव्ह आणा. क-५०१, तू येऊ शकशील का?

क-५०१: येतो. घरून एचडीएमआयची वायर घेऊन येतो. मी येईपर्यंत डीव्हीआर चालू करू नका.