पावसाळ्यात हेडलाइटमध्ये शिरणारे पाणी : आपापले अनुभव लिहावेत

घाटवाट
काल सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या दिव्याच्या तळाशी बोटभर पाणी साचलेले दिसले आणि कशेडीचा बोगदा होण्यापूर्वीची एक रात्र आठवली. आम्ही गणपतीसाठी गावी निघालो होतो. पोलादपूर मागे पडले, धुके आणि पाऊस दोन्ही दाटून आले आणि आमचा उजवा दिवा रस्ता दाखवण्याऐवजी गॅसबत्तीसारखा स्वतःच पांढराफेक उजळू लागला. काचेच्या आतल्या बाजूने बारीक थेंबांचा थर जमला होता आणि त्यामुळे प्रकाश चहूकडे विखुरत होता. डोंगराकडेची पांढरी रेघ दिसेनाशी झाल्यावर यजमानांनी गाडी पुढच्या एस.टी.च्या मागे धरली आणि आम्ही तसाच घाट उतरलो. दुसऱ्या दिवशी खेडच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून बल्बमागची रबरी टोपी दाखवली. तिची एक कड आत दुमडलेली होती, कारण आधी बल्ब बदलणाऱ्याने ती नीट बसवलीच नव्हती. पाणी वाळवण्याआधी ते कुठून आले हे शोधावे, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे. आपणही लिहावे.

दिवेकाम
वाहनांच्या दिव्यांच्या जुळणीत माझी बरीच वर्षे गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हेडलाइट पूर्णपणे हवाबंद नसतो आणि तो तसा असूही नये. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि विझला की आकसते. या हवेला ये-जा करता यावी म्हणून मागे लहान रबरी नळ्या किंवा बारीक छिद्रांचा पडदा असलेली झाकणे ठेवलेली असतात. या पडद्यातून वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. तापलेल्या दिव्यावर अचानक पाऊस आला किंवा गाडी धुतली की पुढची पॉलिकार्बोनेटची, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकची, काच आधी थंड होते आणि आतल्या हवेतले बाष्प तिच्यावर दवासारखे धरते. दिवा काही वेळ लावल्यावर असे दव विरून जात असेल, तर तो बिघाड समजू नये. थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी डुचमळत असेल किंवा दोनपैकी एकच दिवा सतत धूसर राहत असेल, तर मात्र सील, टोपी किंवा तडा तपासावाच. दुर्लक्ष केल्यास रिफ्लेक्टरवरचा, म्हणजे प्रकाश पुढे फेकणाऱ्या आतल्या चकचकीत वाटीवरचा, ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा काळवंडतो आणि तो घरी पूर्ववत करता येत नाही.

मांडवीकाठ
आमच्याकडे गोव्यात याच नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. पातळ तारेने माती काढली आणि दव धरणे थांबले. चार ओळींपेक्षा अधिक लिहायला सध्या वेळ नाही, पण नळी अवश्य पाहावी.

सईची_आई
दिवेकामदादा, आपण फार सोपे करून सांगितलेत, आभार. आमच्या गाडीला दुकानदाराने हॅलोजन काढून बाजारातले एलईडी बल्ब बसवले. त्यांचा मागचा पंखा टोपीत मावेना, म्हणून टोपी कापली गेली आणि पहिल्याच मोठ्या पावसात दिवा ओला झाला. एलईडीने ओल वाळतही नाही, असे मिस्त्री म्हणाले. ते खरे आहे का? आणि सिलिका जेलच्या पुड्या आत टाकाव्यात का?

दिवेकाम
ताई, मिस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे. ६०/५५ वॅटच्या हॅलोजनची उष्णता समोरच्या काचेपर्यंत पोहोचते, तर एलईडी आपली उष्णता मागच्या बाजूला सोडतो, त्यामुळे काच थंडच राहते. मूळ बल्ब आणि अखंड टोपी परत बसवावी. सिलिका जेल उरलेली ओल शोषते, पण पाण्याची वाट बंद करत नाही. पुडी आत सुटी ठेवल्यास ती तापलेल्या बल्बला टेकू शकते, म्हणून वाळवण्यापुरती वापरून काढून घ्यावी.

घाटवाट
सईच्या आई, ऐन पावसात असे झाले म्हणजे फारच गैरसोय झाली असणार. टोपी सुटी मिळते, त्यासाठी पूर्ण दिवा विकत घेण्याची घाई करू नका.

कोयनाकाठ
आमच्या गावात एकाने पाणी निघून जावे म्हणून दिव्याच्या तळाला भोक पाडले. पाणी गेले, पण उन्हाळ्यात त्याच वाटेने धूळ आत शिरली आणि रिफ्लेक्टरवर बसली. माझा स्वतःचा दिवा बंपरला धक्का लागल्यानंतर गळू लागला. कऱ्हाडच्या मिस्त्रींनी तो उतरवला, इतर छिद्रे बंद करून एका नळीतून हलकी हवा भरली आणि जोडावर साबणाचे पाणी लावले. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, जिथे पकडीचा कान मोडला होता, तिथून बुडबुडे आले. त्यांनी हळूहळू ऊब देऊन ब्यूटाइलचा, म्हणजे काच चिकटवणाऱ्या रबरी लुकणाचा, जुना थर मऊ केला, काच उचलली, खाच स्वच्छ करून नवी ब्यूटाइल पट्टी भरली आणि मोडलेला कान जोडला. शिर्क्यासारखा वास येणारे सिलिकॉन आत लावू नये, कारण त्याची आम्लयुक्त वाफ रिफ्लेक्टरचा मुलामा खाते, असे त्यांनी बजावले.

मांडवीकाठ
कोयनाकाठ, पिवळी पडलेली काचही याच कामात उजळून मिळते का?

कोयनाकाठ
ते काम वेगळे आहे. पिवळेपणा बाहेरच्या बाजूचा असतो, उन्हाने वरचा संरक्षक थर खराब झाल्यामुळे तो येतो. घासून पॉलिश करता येते, मात्र त्यानंतर नवा थर द्यावा लागतो, नाहीतर काच लवकरच पुन्हा पिवळी पडते.

सईची_आई
नवी टोपी आज मिळाली आणि जुना बल्बही परत बसवला. पाईपने पाणी मारून पाहिले, आत थेंब नाही. उद्या आंबोलीला निघतो आहोत.