देवळाला वळसा घालून

मठ-मंदिरांच्या पाठबळाशिवाय नवा आध्यात्मिक विचार पसरूच शकत नाही, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. वारकरी पंथच घ्या. पंढरपूरचं देऊळ होतं, पण ते बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या हाती. दलित संत चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिले, तरी त्यांचे अभंग घरोघर गेले. दलितांना आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर! विचार वाहून नेला तो लोकांच्या मराठीनं, तोंडपाठ अभंगांनी, गावोगावच्या भजनानं. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी आणि वारी. मध्ये पुरोहित लागत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. तुकोबांचे पुत्र नारायणबाबांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीतून पंढरपूरला न्यायला सुरुवात केली, पुढे हैबतबाबांनी आळंदीच्या ज्ञानेश्वर पालखी सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांचा ठरलेला क्रम, विणेकरी, चोपदार, फड म्हणजे वारकऱ्यांचे गट... ही संस्थाच झाली की. पण ती चालणाऱ्यांनी चालता चालता उभी केली, आणि तोवर अभंग कधीच गावागावांत पोचले होते. नंतर त्यातही मानपानाचे वाद शिरले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.