ॲक्सेसचा फॉर्म एकाच पीसीवर नवीन एन्ट्री घेत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी तुर्भे एमआयडीसीत एका गोडाऊनच्या ऑफिसात आहे, आमची आवक-जावक, गेटपास सगळं एका ॲक्सेस (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) फाइलमध्ये आणि ती फाइल एका पीसीच्या शेअर फोल्डरमध्ये, बाकी तीन पीसीवरून आम्ही तीच उघडतो. ज्या पोराने बनवली तो नोकरी सोडून गेला, फोन उचलत नाही.

गेल्या आठवड्यात एका पीसीवर विंडोज नव्याने टाकलं, तेव्हापासून तिथे फॉर्म उघडतो, जुन्या नोंदी दिसतात पण नवीन रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. फॉर्मच्या सेटिंगमध्ये अलाऊ ॲडिशन्स (नवीन नोंदीला परवानगी) येसच आहे. तिथलंच डेटा एन्ट्री येस करून बघितलं तर जुन्या नोंदीच गायब, घामच फुटला! मग कळलं, ते येस असलं की तो फक्त कोरा फॉर्म दाखवतो, परत नो केलं.

दुसरं दुखणं जुनंच. दोघांनी एकदम फॉर्म उघडला की दोन ट्रकना एकच गेटपास नंबर, नंबरच्या डिफॉल्ट व्हॅल्यूत (आपोआप भरली जाणारी किंमत) डीमॅक्स अधिक एक, म्हणजे आतापर्यंतचा सगळ्यात मोठा नंबर अधिक एक, असं लिहिलंय. बाहेर ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि आत आम्ही पेनाने नंबर खोडतोय.

प्रतिसाद १
पहिला घोळ फॉर्मचा नाही, परमिशनचा वाटतोय. फाइल उघडली की ॲक्सेस शेजारी लॉक फाइल (कोणी फाइल उघडलीय याची नोंद) बनवतं, एलएसीसीडीबी एक्स्टेन्शनची, आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसतं. त्यासाठी फोल्डरवरच राइट-डिलीटची परमिशन लागते, नुसतं फाइलवर देऊन भागत नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग आणि सिक्युरिटी दोन्ही टॅब बघा, जिथे कमी असेल तेच लागू होतं.

नंबर फॉर्म कोरा असतानाच घेतला जातो आणि सेव्ह होतो पाच मिनिटांनी, मग डबल होणारच. तो कोड फॉर्मच्या बीफोर अपडेटमध्ये (नोंद सेव्ह होण्याच्या अगदी आधी चालतो) हलवा, फक्त नवीन रेकॉर्डसाठी, आणि फील्डला नो डुप्लिकेट्सवाला इंडेक्स लावा, म्हणजे एकच नंबर दोनदा सेव्हच होणार नाही. शिवाय फाइल स्प्लिट करा हो, टेबलं शेअरवर आणि फॉर्म ज्याच्या त्याच्या पीसीवर. एकच फाइल सगळ्यांनी उघडायची म्हणजे कधी करप्ट होईल नेम नाही.

धागाकर्ता
सिक्युरिटीत नुसतं रीड होतं! मॉडिफाय दिलं, सुरू झालं. पण इंडेक्स सेव्हच होत नाहीये, डुप्लिकेट आहेत म्हणतो.

प्रतिसाद २
जुने डबल नंबर निस्तरल्याशिवाय होणार नाही. क्वेरी विझार्डमध्ये फाइंड डुप्लिकेट्स आहे, त्याने शोधा. आधी सगळ्यांना फाइलमधून बाहेर काढा आणि एक कॉपी काढून ठेवा.