प्रतिसाद: सेन्चामधला चुरा

सेन्चा या जपानी हिरव्या चहाच्या पाकिटात चुरा जास्त दिसला म्हणजे चहा हलक्या प्रतीचा, असं इथे म्हटलं गेलंय. दार्जिलिंगच्या काळ्या चहाला अख्ख्या पानाचा हा हिशोब बराचसा लागू पडतो, सेन्चाला मात्र नाही. चुरा दिसला म्हणून पाकीट फेकू नका!

सेन्चाची पानं खुडल्यावर लगेच वाफवतात. साधारण अर्धा मिनिट वाफवली तर ‘आसामुशी’: सुईसारखी लांब पानं, पिवळसर हिरवा, नितळ चहा. त्याहून बराच वेळ वाफवली तर ‘फुकामुशी’. पान इतकं मऊ पडतं की पुढे वळताना आणि सुकवताना तुटतं. म्हणून चुरा येतो, चहाही गर्द हिरवा आणि थोडा गढूळ उतरतो, पण तुरटपणा कमी. शिझुओका प्रांतातलं काकेगावा याचसाठी नावाजलेलं आहे आणि तिथला उत्तम फुकामुशी स्वस्त अजिबात नसतो.

उलट मोठं पान बघून भुलू नका. बान्चाची पानं मोठी आणि जून असतात, तो साधा रोजचा चहा. वसंतातल्या पहिल्या खुडणीची पानं लहान, कोवळी. गोडवा देणारं थिअनिन त्यांत जास्त.

म्हणून खुडणी कोणती ते आधी बघा. रंग तजेलदार हवा, वासही ताजा हवा. तपकिरी झाक असेल, तर पान कितीही अख्खं असो, मी घेत नाही.

फुकामुशी करताना पाणी ७०-८० अंश, वेळ अर्धा-पाऊण मिनिट, किटलीची जाळी बारीक. जास्त ठेवलात तर कडू होतो.