बिग ईस्टने (अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉल लीग) बारावं कॉलेज घ्यावं का?

राजवाडेकर, इंदूर: सध्या 11 संघ. विषम आकडा, त्यामुळे प्रत्येक फेरीत एकजण रिकामा. बारावा घेतला तर सुटेल ना?

रामबागवाले: फेरी सुटेल, गणित अडेल. प्रत्येकाशी घरी-बाहेर दोनदा, म्हणजे आज 20 सामने. 12 झाले की 22. ते दोन लीगबाहेरच्या तगड्या लढतींतून कापायचे. 20च ठेवले तर दोघांशी एकेकदाच गाठ, मग यजमान कोण यावर भांडणं!

पोहे-जिलेबी: त्यापेक्षा नेट क्रमवारी (कॉलेज संघांचा दर्जा ठरवणारी यादी) बघा. अव्वल श्रेणीचा विजय घरी 30व्या, तटस्थ मैदानावर 50व्या, परक्या मैदानावर 75व्या क्रमांकापर्यंतच धरतात. दोनशेवा संघ हरवून पदरात काय? हरलात तर मात्र खड्डा. नुसतं टीव्हीचं मोठं शहर बघून घेऊ नये बुवा.

राजवाडेकर: गोन्झागाचा संघ घेतला तर?

रामबागवाले: ते 2026 पासून पॅक-12 या दुसऱ्या लीगमध्ये.