विली मेजचा तो थ्रो
अमेरिकन बेसबॉलपटू विली मेजचं नाव निघालं की सगळेच त्याच्या ६६० होम रनचं (आपल्या सिक्सरसारखा फटका) बोलतात, बरोबरच आहे, पण मला मेज म्हटलं की १९५४ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या फायनलचा, तो कॅचच आठवतो. समोरच्या टीमच्या वर्ट्झने बॉल लांब हाणला, हा पठ्ठ्या पाठ फिरवून सुसाट पळत सुटला, खांद्यावरून येणारा बॉल ग्लव्हमध्ये घेतला आणि गर्रकन वळून थ्रो, टोपी कुठच्या कुठे! मला तर कॅचपेक्षा तो थ्रोच भारी वाटतो, त्यानेच रन अडला. आणि एवढा स्टार असून न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोरांबरोबर झाडूच्या दांड्याने स्टिकबॉल खेळायचा, म्हणजे आपलं गल्ली क्रिकेटच की.

जून २०२४ मध्ये ९३ व्या वर्षी गेला, आणि दोनच दिवसांनी अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या रिकवुड फील्ड मैदानावर मॅच, जिथे तो पोरवयात ब्लॅक बॅरन्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या टीमकडून खेळलेला. अख्खं स्टेडियम 'विली, विली' ओरडत होतं.